निश्चित आणि निश्चिंत : 'सर्टन' या विशेषणाचे नैतिक वाचन

१

इंग्रजीतील 'सर्टन' या विशेषणाला मराठी प्रतिशब्द द्यायचा झाला तर आपण सहज 'निश्चित' म्हणतो. 'शुअर' या विशेषणालाही तोच शब्द चालतो. फार तर 'खात्रीचा' असा पर्याय आपण देतो. इंग्रजी कोशांतही ही दोन विशेषणे एकमेकांच्या अर्थासाठी वापरलेली दिसतात आणि नित्याच्या व्यवहारात त्यांत भेद करण्याची गरज कोणाला भासत नाही. तरीही या दोन शब्दांच्या उगमापाशी गेल्यास निश्चितीविषयीच्या दोन अगदी भिन्न कल्पना हाती लागतात. त्यांतील भेद भाषिक आहेच, पण तो प्रामुख्याने नैतिक आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. 'मला हे निश्चित ठाऊक आहे' असे म्हणताना मी नेमके काय सांगत असते? मी काही काम पार पाडले आहे हे, की माझी काळजी मिटली आहे हे?

हा प्रश्न मला कोशामुळे पडलेला नाही. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मर्ढेकरांच्या कवितेवर निबंध लिहून दिला होता. वर्गात ती क्वचितच बोलत असे आणि तिच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका सामान्य होत्या. निबंध मात्र असाधारण होता. त्यातील वाक्यरचनेची प्रौढता पाहून मी समासात लिहिले, 'हे लेखन स्वतःचे नाही, हे निश्चित.' गुणही त्याच हिशेबाने दिले. दीड वर्षानंतर ती वर्तणुकीच्या दाखल्यावर सही घेण्यासाठी आली तेव्हा तिने एक वही टेबलावर ठेवली. वहीत त्या निबंधाचे चार खर्डे होते. पहिला खर्डा बराचसा मला परिचित असलेल्या तिच्या उत्तरपत्रिकांसारखाच होता. चौथा म्हणजे मी नाकारलेला निबंध. मधल्या दोन खर्ड्यांत खोडलेली वाक्ये, बाणांनी हलवलेले परिच्छेद आणि समासात स्वतःलाच विचारलेले प्रश्न होते. 'आधी का नाही दाखवलीस?' असे मी विचारले. ती म्हणाली, 'मॅडम, तुम्ही विचारलं असतं तर दाखवली असती.' तोवर निकाल लागून वर्ष उलटले होते. मी दाखल्यावर सही केली. तिच्या वर्तणुकीविषयी मी त्यात काय प्रमाणित केले होते, ते आज आठवत नाही.

माझे अनुमान चुकले, एवढेच असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अनुमाने चुकतात. मला अस्वस्थ करीत राहिला तो मी वापरलेला 'निश्चित' हा शब्द. त्या शब्दामागे काय होते, याचा शोध घेताना मी 'सर्टन'पर्यंत येऊन पोचले.

२

'सर्टन' हे विशेषण इंग्रजीत सुमारे १३०० पासून आढळते. ते जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'केर्तुस' हे विशेषण आहे. 'केर्तुस' हे 'केर्नेरे' या क्रियापदाचे जुने कृदन्त रूप होय. 'केर्नेरे'चा मूळ अर्थ चाळणे, वेगळे करणे. त्यावरून डोळ्यांनी वेगळे ओळखणे आणि पुढे निवाडा करणे असे अर्थ निघाले. लॅटिनमध्ये चाळणीला 'क्रिब्रुम' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. म्हणजे 'सर्टन'चा व्युत्पत्त्यर्थ 'चाळून झालेले' असा होतो. ज्यातून भुसा, खडे, कोंडा निघून गेला आणि जे चाळणीत किंवा चाळणीखाली उरले, ते 'सर्टन'.

या कुळाचा विस्तार समीक्षेच्या अभ्यासकाला विशेष विचार करायला लावणारा आहे. ग्रीक 'क्रिनेइन' हे क्रियापद याच मूळ धातूपासून आलेले असून त्याचे अर्थ वेगळे करणे, निवडणे, न्याय देणे असे आहेत. त्यापासून 'क्रिटिक', 'क्रिटिसिझम', 'क्रायटेरियन' आणि 'क्रायसिस' हे शब्द सिद्ध झाले. 'क्रायसिस' म्हणजे ग्रीक वैद्यकात रोग उतरणार की रोगी जाणार, हे ठरण्याचा क्षण. 'डिसर्न' म्हणजे पारखणे आणि 'सीक्रेट' म्हणजे बाजूला काढून ठेवलेले, हेही याच घराण्याचे. शिवाय मी ज्यावर सही केली तो दाखला, म्हणजे 'सर्टिफिकेट', हा 'केर्तुस' आणि 'करणे' या अर्थाचा धातू यांच्या संयोगातून झालेला शब्द आहे. समीक्षा आणि निश्चिती ही एकाच चाळणीची अपत्ये आहेत, असे भाषेचा इतिहास सांगतो.

आपल्या परंपरेलाही ही प्रतिमा परकी नाही. 'विवेक' या शब्दातील 'विच्' या धातूचा अर्थ वेगळे करणे, धान्य पाखडून निवडणे असा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७१व्या सूक्तात शहाण्यांनी वाणी घडवली त्या कृतीला सातू चाळण्याची उपमा दिली आहे, आणि पतंजलीने महाभाष्याच्या प्रारंभी, पस्पशाह्निकात, व्याकरणाचे प्रयोजन सांगताना ती ऋचा आधारासाठी घेतली आहे. दोन परस्परदूर परंपरांनी विचाराच्या कामासाठी स्वयंपाकघरातले आणि खळ्यातले एकच साधन निवडावे, यात नवल नाही. चाळणे हे असे काम आहे की ते केले की नाही, हे डोळ्यांना दिसते. चाळणाऱ्याच्या पायाशी कोंडा पडलेला असतो.

३

'शुअर'ची कुळकथा वेगळी आहे. तो शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेकूरुस'पासून आला. 'से' म्हणजे विना आणि 'कूरा' म्हणजे काळजी. हाच लॅटिन शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीने पुन्हा एकदा थेट घेतला, तो 'सिक्युअर'. त्या काळच्या इंग्रजीत 'सिक्युरिटी'ला आजच्यासारखा केवळ सुरक्षिततेचा अर्थ नव्हता. गाफीलपणा, फाजील विश्वास असाही तिचा अर्थ होत असे. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मध्ये तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात हा शब्द याच अर्थाने येतो. ज्याची काळजी मिटली तो सावध राहत नाही, हे त्या काळच्या भाषेला ठाऊक होते.

'सेकूरुस'चा घटकशः मराठी अनुवाद केला तर तो 'निश्चिंत' असा होतो. 'निस्' म्हणजे विना, 'चिंता' म्हणजे काळजी. 'सर्टन'साठी आपण 'निश्चित' म्हणतो. त्यातील 'चि' हा धातू वेचून गोळा करणे या अर्थाने परिचित आहे. 'निश्चित' आणि 'निश्चिंत' यांचे धातू वेगळे आहेत आणि त्यांच्यातील ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे. तथापि या योगायोगाने मराठीला जी सोय उपलब्ध करून दिली आहे ती इंग्रजीला नाही. इंग्रजीत ज्या दोन अवस्था पर्यायशब्द होऊन बसल्या, त्या मराठीत एका अनुस्वाराच्या अंतरावर उभ्या आहेत. ते अंतर दिसण्याइतके आहे आणि चुकण्याइतके लहानही.

'खातरजमा' या शब्दाचा प्रवासही येथे पाहण्यासारखा आहे. अरबी 'खातिर' म्हणजे मन आणि 'जमा' म्हणजे गोळा झालेले. खातरजमा म्हणजे मन एका ठायी येणे, समाधान होणे, मनाची निश्चिंती. आज मात्र 'खातरजमा करून घ्या' असे म्हणताना आपल्याला तपासून पाहणे अभिप्रेत असते. मराठीने एका मनोवस्थेच्या नावाचे कृतीच्या नावात रूपांतर केले. 'शुअर'ने 'सर्टन'ची जागा घेतली त्याच्या नेमका उलट हा प्रवास आहे, आणि भाषा निश्चिंतीकडून निश्चितीकडेही जाऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

४

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. शब्दाचा उगम म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. 'सर्टन' म्हणणाऱ्या इंग्रज माणसाच्या मनात चाळणी नसते आणि 'शुअर' म्हणणारा निष्काळजी असतोच असे नाही. व्युत्पत्तीला अर्थाचे न्यायाधीशपद देणे हा परिचित तर्कदोष आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. येथे व्युत्पत्तीचा उपयोग प्रमाण म्हणून केलेला नाही. एक विसरलेला भेद नजरेस आणून देणारे साधन म्हणून केला आहे. तो भेद व्युत्पत्तीवाचूनही मांडता येतो आणि तसा तो मांडला गेला आहे.

कार्डिनल न्यूमन यांनी १८७० च्या 'ग्रामर ऑफ असेंट' या ग्रंथात 'सर्टिट्यूड' आणि 'सर्टन्टी' असा भेद केला. पहिली मनाची अवस्था, दुसरी विधानाचा गुण. एखादे विधान निश्चित असणे आणि मी निश्चित असणे या दोन गोष्टी आहेत, ही ती जाणीव होय. त्यानंतर सातच वर्षांनी, १८७७ साली, डब्ल्यू. के. क्लिफर्ड या गणितज्ञाने 'द एथिक्स ऑफ बिलीफ' या निबंधात एका जहाजमालकाचे उदाहरण घेतले. जहाज जुने झाले आहे. ते देशांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येतात, दुरुस्तीचा खर्चही दिसतो. तो शंकांची समजूत घालतो: जहाजाने इतक्या सफरी केल्या, परमेश्वर या कुटुंबांचा सांभाळ करील. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की विश्वास प्रामाणिक होता म्हणून मालक निर्दोष ठरत नाही, कारण तसा विश्वास ठेवण्याचा अधिकार त्याने मिळवलेला नव्हता. यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. जहाज सुखरूप पोचले असते तरीही मालकाचा दोष तेवढाच राहिला असता.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर जहाजमालक निश्चिंत होता आणि त्याने ती अवस्था निश्चिती म्हणून चालवली. त्याने चाळले ते जहाजाविषयीचे पुरावे नव्हते. आपल्या मनातील शंका तेवढ्या त्याने वेचून टाकल्या. क्लिफर्डच्या सर्वच निष्कर्षांशी सहमत होण्याची गरज नाही. पुरेशा पुराव्यावाचून कधीही, कोठेही विश्वास ठेवू नये, हा त्याचा दंडक विल्यम जेम्सने १८९६ साली 'द विल टू बिलीव्ह'मध्ये सबळपणे आव्हानित केला. तथापि जहाजमालकाच्या उदाहरणाचे बळ त्या दंडकावर अवलंबून नाही. ज्या निर्णयाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार आहे, त्याविषयी निश्चिंत होण्याची घाई करणे हा अपराध आहे, एवढे ते उदाहरण सिद्ध करते. मी दिलेले गुण माझ्या खात्यावर पडणार नव्हते.

५

साहित्यात या अवस्थेचे सर्वांत भेदक चित्रण 'ऑथेल्लो'मध्ये आहे. देवलांच्या 'झुंझारराव'मुळे हे कथानक मराठी रंगभूमीच्याही ओळखीचे झाले. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो इयागोकडे डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. वरवर पाहता ही चाळण्याची भाषा आहे. पुरावा मागणारा माणूस विवेकी वाटतो. परंतु त्याच प्रवेशात तो कशासाठी विलाप करतो, हे पाहिले पाहिजे. पत्नीच्या कथित अपराधापेक्षा हरवलेल्या मनःशांतीचे दुःख त्याच्या भाषणात अधिक आहे. काहीच कळले नसते तर आपण सुखी राहिलो असतो, असेही तो म्हणतो. त्याला सत्य हवे आहे की संशयाचा अंत हवा आहे, हा त्या नाटकाचा कळीचा प्रश्न आहे. संशयाचा अंत दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. डेस्डिमोना निर्दोष ठरल्याने आणि दोषी ठरल्यानेही. दुसरा मार्ग जवळचा असतो, कारण त्यासाठी कोणाला काही विचारावे लागत नाही.

रुमालाचा प्रवास पाहावा. तो एमिलियाला सापडला, तिने इयागोला दिला, इयागोने कॅसिओच्या खोलीत टाकला. हा रुमाल तुझ्याकडे कसा आला, हा साधा प्रश्न ऑथेल्लो कॅसिओला विचारतो तो अखेरच्या प्रवेशात, डेस्डिमोना मरून पडल्यावर. एमिलियाची तो चौथ्या अंकात उलटतपासणी करतो, पण रुमालाविषयी तिला विचारीत नाही. डेस्डिमोना कॅसिओला बोलावून विचारा असे म्हणते तेव्हा तो मारला गेला आहे, अशी ऑथेल्लोची समजूत असते. साक्षीदाराचे तोंड आधीच बंद करवून मग निवाडा झालेला असतो. 'तुम्ही विचारलं असतं तर' हे वाक्य मी त्या नाटकाजवळ ठेवून वाचते, तेव्हा दोन्हींच्या परिणामांतील प्रचंड तफावत मला दिसत नाही असे नाही. पण घडण एकच आहे.

आणि तरीही पुरावे चाळले गेले होते. ते इयागोने चाळले होते. कोणती खूण दाखवायची, कोणती झाकायची, हे त्याने निवडले. इंग्रजीतील 'गार्बल' या क्रियापदाचा इतिहास येथे आठवतो. अरबीतील चाळणे या अर्थाच्या 'घर्बल' या शब्दापासून ते मसाल्याच्या व्यापारातून युरोपात आले. लंडन शहरात मसाले चाळून केरकचरा काढण्यासाठी एक अधिकृत अधिकारी नेमलेला असे. अरबी शब्द स्वतः लॅटिनमधील चाळणीच्या नावापासून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. तसे असेल तर तो 'सर्टन'चा दूरचा भाऊ ठरतो. सतराव्या शतकापर्यंत 'गार्बल'चा अर्थ सोयीचे तेवढे निवडून मजकूर विकृत करणे असा झाला. केवळ चाळणे पुरेसे नाही, ही सूचना या शब्दात आहे. काय टाकले, हे दाखवायला जो तयार नाही, त्याचे चाळणे आणि भेसळ यांत फरक करता येत नाही.

६

मग चाळायचे कोठवर? प्रत्येक गोष्टीची चाळणी करीत बसलेला माणूस कोणताही निर्णय घेऊ शकणार नाही. देकार्तने १६४२ साली सातव्या आक्षेपावलीला दिलेल्या उत्तरात फळांच्या टोपलीचा दृष्टान्त दिला आहे. काही सफरचंदे नासली असल्याचा संशय असेल तर टोपली पूर्ण रिकामी करावी आणि एकेक फळ पारखून परत भरावे. दृष्टान्त आकर्षक आहे, पण फळे पारखणारे डोळे त्या टोपलीत टाकता येत नाहीत. विट्गेन्स्टाइनने आयुष्याच्या अखेरच्या दीड वर्षात लिहिलेल्या, २७ एप्रिल १९५१ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दोन दिवस आधीपर्यंत चालू ठेवलेल्या आणि १९६९ मध्ये 'ऑन सर्टन्टी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या टिपणांचा गाभा हाच आहे. दार फिरायचे तर बिजागऱ्या स्थिर असाव्या लागतात. काही गोष्टी संशयाबाहेर असतात म्हणूनच इतर गोष्टींविषयी संशय घेता येतो.

हे मान्य केले तरी नैतिक प्रश्न निकालात निघत नाही. तो अधिक नेमका होतो. बिजागरी कोणती आणि दार कोणते? 'माझा जन्म होण्यापूर्वी पृथ्वी होती' ही बिजागरी आहे. 'वर्गात गप्प बसणारी मुलगी असे लिहू शकत नाही' ही बिजागरी नव्हे; ते दार होते आणि ते बंद ठेवणे मला सोयीचे होते. आपले पूर्वग्रह नेहमी बिजागऱ्यांच्या वेषात येतात. त्यांच्याविषयी आपल्याला शंका वाटत नाही, एवढ्यावरून ते शंकेपलीकडचे ठरत नाहीत. कायद्याने या बाबतीत अधिक नम्र भूमिका घेतली आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने 'शाबीत' या संज्ञेची व्याख्या करताना पूर्ण निश्चितीची अट घातली नाही. शहाण्या माणसाने जे गृहीत धरून वागावे इतकी ज्याची संभाव्यता आहे, ते पुरे मानले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ही कसोटी कायम आहे. तेथे निर्णय करणाऱ्याला निश्चितीची हमी द्यावी लागत नाही. पण पुरावा विचारात घेतल्याचे आणि कारणांचे लेखी निवेदन मात्र द्यावे लागते.

७

'सर्टन'चा आणखी एक अर्थ राहिला आहे. इंग्रजीत 'अ सर्टन मॅन' म्हटले की पूर्ण निश्चितीचे हे विशेषण एकाएकी अनिश्चिततेकडे वळते: कोणी एक, अमुक एक माणूस. हा विरोधाभास फक्त वरवरचा आहे. राशीतून एक दाणा वेगळा काढलेला आहे; तो कोणता, हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे, ऐकणाऱ्याला सांगितलेले नाही. निवड झालेली आहे, पण ती उघड केलेली नाही.

आपल्या समीक्षेत हा अर्थ 'विशिष्ट' या शब्दाच्या रूपाने फार सुखाने नांदतो. कवितेत 'एक विशिष्ट जाणीव' असते, कादंबरीला 'विशिष्ट परिमाण' लाभते, लेखक 'एका विशिष्ट पातळीवर' पोचतो. कोणती जाणीव, कोणती पातळी, हे बहुधा लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. विशेषण निवड झाल्याचे आश्वासन देते आणि वाचक निश्चिंत होतो. 'निःसंशय', 'निर्विवाद', 'अर्थातच' हे शब्दही असेच वापरले जातात. जेथे कारण द्यायचे तेथे ते येतात. मी लिहिलेली परीक्षणे अलीकडे पुन्हा वाचताना हे शब्द मला ज्या ठिकाणी आढळले, त्यांतील बऱ्याच ठिकाणी मूळ संहिता मी दुसऱ्यांदा उघडली नव्हती.

हे शब्द वर्ज्य करावेत, असे मी सुचवीत नाही. निश्चितीची भाषा टाकून सर्वत्र 'कदाचित'ची पेरणी करणे हीही एक निश्चिंती आहे, कारण त्यामुळे चूक ठरण्याची काळजी मिटते. समीक्षकाने निर्णय द्यावा. त्याच्या व्यवसायाचे नावच निर्णयाच्या धातूपासून आले आहे. मात्र 'निश्चित' हा शब्द वापरताना आपण एका कामाचा दाखला देत आहोत, हे त्याने ओळखावे, आणि कोणी विचारल्यास त्या कामाचा कोंडा दाखवण्याची तयारी ठेवावी: कोणते वाचन नाकारले, कशामुळे, कोणाला विचारले, कोणाला विचारायचे राहिले.

त्या चार खर्ड्यांच्या वहीत असा कोंडा भरपूर होता. माझ्या शेऱ्याच्या मागे त्यातला कणही नव्हता. चाळले तिने होते, आणि 'निश्चित' हा शब्द मी वापरला होता. वही ती परत घेऊन गेली. समासातला शेरा मात्र तिच्या निबंधावर आजही तसाच आहे; तो खोडण्यासाठी निबंध आता माझ्याकडे नाही.